फोटोंच्या संग्रहालयाला आधी कोरडी खोली हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या जुन्या फोटो स्टुडिओंचे संग्रह जपावेत, त्यासाठी छायाचित्रांचे संग्रहालय व्हावे, अशी मागणी अधूनमधून होते. ती रास्तच आहे. पण बोलणे निघते ते दालनाचे, भिंतींचे आणि दिव्यांचे. संग्रह टिकणार की जाणार हे ठरते मूळ फोटो आणि काचा ठेवण्याच्या मागच्या खोलीत, आणि अंदाजपत्रकात ती खोली शेवटी येते किंवा येतच नाही.

दालनात मूळ फोटो लावण्याची गरज नसते. एकोणिसाव्या शतकातले प्रिंट साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेडात ठेवू नयेत, असा संग्रहालयांचा संकेत आहे. चांगल्या प्रती काढून वाचनालयाच्या एखाद्या हॉलमध्येही प्रदर्शन भरवता येते, आणि ते दोन वर्षांनी भरवले तरी काही बिघडत नाही. माळ्यावरच्या काचेच्या निगेटिव्ह मात्र प्रत्येक पावसाळ्यात थोड्या थोड्या जात असतात.

जुना कृष्णधवल फोटो म्हणजे कागदावर किंवा काचेवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात चांदीचे बारीक कण. जिलेटिन हवेतले पाणी ओढून फुगते, मऊ पडते. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की त्यावर बुरशी धरते; आपल्याकडे पावसाळ्यात हा आकडा आठवडेच्या आठवडे ८५ च्या पुढे असतो. बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते. म्हणून बुरशी आलेला फोटो ओल्या फडक्याने पुसला की चेहराच फडक्यावर उतरतो. तो आधी सुकू द्यावा, मग उघड्यावर, तोंडाला एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने झाडावा.

यावर उपाय म्हणून एसी बसवला जातो आणि संध्याकाळी कार्यालयाबरोबर बंद केला जातो. यासारखे नुकसान दुसरे नाही. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेतले पाणी २७ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर दव होऊन बसते. २४ अंशांवर गार झालेल्या काचेवर, एसी बंद होऊन बाहेरची हवा आत शिरली की, लगेच घाम येतो. लाइट गेल्यावरही तेच. गरज गारव्याची कमी आणि कोरडेपणाची जास्त आहे. १० बाय १२ ची एक खोली, फटी बुजवलेली, पश्चिमेच्या पावसाळी भिंतीला न लागलेली, तळमजल्यावरही नको आणि थेट कौलांखालीही नको. त्यात दिवसरात्र चालणारे डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारे यंत्र, त्याची पाण्याची नळी थेट बाहेर काढलेली, आणि जोडीला जनरेटर. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवायची. ३० च्या फार खालीही नको. जिलेटिन कडक होऊन काचेवरून सुटू लागते.

आर्द्रता दाखवणारे हायग्रोमीटर स्वस्त मिळते, पण बरीचशी चुकीचे आकडे दाखवतात. तपासायला घरचे मीठ पुरते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते फक्त ओलसर चिखलासारखे होईल एवढे पाणी घालावे, हायग्रोमीटरबरोबर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. जेवढा फरक येईल तेवढा कागदावर लिहून यंत्राला चिकटवावा.

आता काचेच्या निगेटिव्हविषयी. फुल प्लेट मापाची काच म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच. शंभर काचांचे वजन बारा-तेरा किलोंच्या घरात जाते, म्हणून आडव्या थप्पीत खालच्या काचा तडकतात. प्रत्येक काच चार पाकळ्यांच्या कागदी वेष्टनात घालून लांब बाजूवर उभी ठेवायची, एका खोक्यात वीस-पंचवीसच, आणि खोक्यावर ‘काच’ असे ठळक लिहायचे. वेष्टनाचा कागद आम्लरहित हवा. नंबर काच आत घालण्याआधी पेन्सिलीने लिहायचा. वरून लिहिले की पेन्सिलीचा दाब जिलेटिनवर उमटतो. तुटलेल्या काचेला चिकटपट्टी लावू नये. तिचे तुकडे एकमेकांना घासणार नाहीत असे, मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या देऊन, आडवे ठेवावेत. पुसायची ती फक्त चकचकीत बाजू. मंद दिसणारी बाजू जिलेटिनची. स्टुडिओतल्या कारागिराने चेहऱ्यावर पेन्सिलीने केलेले रिटचिंग, म्हणजे हाताने केलेली डागडुजी, तिथेच असते आणि एका पुसण्यात ते जाते.

फिल्मचा प्रश्न वेगळा. साधारण १९५० च्या आधीची नायट्रेट फिल्म पिवळी, चिकट होऊन कुजते, झटकन पेटते आणि पेटल्यावर पाण्याखालीही जळत राहते. ती वेगळीच ठेवावी, बंद माळ्यावर कधीच नाही. नंतरच्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला, तर समजावे की आम्ल सुटले आहे आणि ते आता स्वतःच वाढत जाणार. अशी फिल्म हवाबंद डब्यात ठेवायची नाही, चांगल्या फिल्मशेजारीही नाही, आणि तिचे स्कॅनिंग सर्वांत आधी करायचे.

घरोघरच्या तसबिरींना हेच नियम लागू आहेत. काचेला टेकलेला फोटो एकदोन पावसाळ्यांत काचेला चिकटतो. तो ओढून सोडवू नये. काचेसकट त्याची प्रत काढावी. नवीन फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगावी. ओला हार फ्रेमला टेकू देऊ नये. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही. पीव्हीसीची पाकिटे, रबरबँड आणि लाकडी कपाटही टाळावे. कसर जिलेटिन आणि खळ दोन्ही खाते, म्हणून कपाट पावडर कोटिंगचे, लोखंडी, जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून सुटे असावे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये घरेदारे, दुकाने पाण्याखाली गेली, तेव्हा अल्बमही गेले. भिजलेले फोटो एकावर एक चिकटून सुकले की संपले. ते ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात सोडून अलगद वेगळे करावेत, चिखल वाहून जाऊ द्यावा, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत पसरावेत. दोन दिवसांत हे होणार नसेल, तर मधे मेणकागद घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत, म्हणजे बुरशी थांबते आणि वेळ मिळतो. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये घालू नयेत. नदीकाठच्या प्रत्येक वाचनालयाने हे चार ओळींत लिहून कपाटावर लावावे, ही आमची कळकळीची विनंती आहे.

स्कॅनिंग केले की मूळ वस्तू टाकून देता येते, हा समज सर्वांत घातक आहे. हार्डडिस्कही याच हवेत राहते. स्कॅनच्या टिफ फाइलच्या (चित्राचा दर्जा कमी न करणारा फाइलचा प्रकार) तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावात, आणि मूळ काच जागेवर. ही काळजी घेतली तर स्कॅनचा उपयोग.

म्हणून जिल्हा नियोजनातून निधी देताना पहिला हप्ता कोरडी खोली, कपाटे, वेष्टने आणि दोन प्रशिक्षित माणसांचा पगार यांसाठी राखून ठेवावा. दालनाची निविदा त्यानंतर काढावी. ज्यांच्याकडे बंद पडलेला स्टुडिओ आहे त्यांनी काचा देताना नोंदवहीसुद्धा द्यावी. काचेच्या कोपऱ्यात खरवडलेला नंबर त्या वहीतल्या नावाशी जुळला, तरच फोटोतली माणसे कोणत्या गावची, कोणत्या घरातली हे सांगता येते. वही भिजलेली, वाळवीने खाल्लेली असली तरी चालेल. रद्दीत घालू नका.

आपले,
छायाचित्रांच्या जतनाचे काम करणारे काही जण, रत्नागिरी