भाजे-विसापूरच्या वाटेवर पाट्या कधी लागणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की रविवारी सकाळची लोणावळा लोकल मळवलीला निम्मी रिकामी होते आणि ती सगळी गर्दी एक्सप्रेस वेवरचा पूल ओलांडून भाजे गावात शिरते. कुणाला धबधबा हवा असतो, कुणाला लोहगड, कुणाला विसापूर किल्ला. येऊदेत की, पुण्यातल्या माणसाने डोंगरात गेलंच पाहिजे. माझं म्हणणं वाटेबद्दल आहे.

भाजे लेण्यांपर्यंत काही अडचण नाही, चांगल्या पायऱ्या आहेत. लेणी 22, दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनेच्या दालनाच्या, छताला लाकडी फासळ्या अजून आहेत आणि खांब आतल्या बाजूला कललेले दिसतात, कारण लाकडी बांधकामात जसे खांब लावायचे तसेच दगडात कोरलेत. बरेच जण इथे फोटो काढून परत फिरतात, पण जरा पुढे चालत गेलं तर 14 स्तूपांचा समूह आहे, काहींवर भिक्षूंची नावं कोरलीत, तो बघितल्याशिवाय खाली उतरू नका प्लीज.

खरी गोची लेण्यांच्या पुढे. विसापूरची एक वाट तिथूनच झाडीतून जाते आणि शेवटी पायऱ्यांच्या घळीतून चढते, पावसात त्या घळीतून सरळ ओढा वाहतो. दुसरी गायमुख खिंडीतून, उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. ऐकायला सोपं वाटतं पण झाडीत ढोरवाटा इतक्या फुटतात की नवीन माणूस हमखास चुकतो, त्यात विसापूरचा माथा अवाढव्य, धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही आणि आपण कुठून वर आलो तेच सापडत नाही, मोबाईलची बॅटरी पण नेमकी तेव्हाच संपते. मग अंधार पडल्यावर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाच्या पोरांना शोधायला जावं लागतं. ती पोरं आपली नोकरी-धंदा सांभाळून हे करतात हो!

2025 मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आम्हाला सगळ्यांना आनंदच झाला. आता गर्दी अजून वाढणार, आणि लोहगडावर रांग दिसली की लोक शेजारच्या विसापूरकडेच वळणार ना?

म्हणून पुरातत्त्व विभाग, वन विभाग आणि ग्रामपंचायतीला कळकळीची विनंती आहे, एकत्र बसा आणि जिथे जिथे वाट फुटते तिथे मराठीत पाटी लावा, बाण, अंतर आणि लागणारा वेळ लिहून. दगडांवर ऑइलपेंट नको, आधीच कुणीकुणी उलटसुलट बाण रंगवून ठेवलेत ते पण पुसा. घळीच्या तोंडाशी एक मोठा फलक हवाच, की पाण्याला जोर असेल तर इथून चढू नका, खिंडीतून जा. आणि पाट्या कुठे लावायच्या हे भाजे आणि पाटण गावातल्या गुराख्यांना विचारा, त्यांच्याइतकं त्या वाटा कुणालाच माहीत नाहीत. हे काम मे संपायच्या आत व्हायला हवं, जूनमध्ये चिखल झाला की खांब पण धड उभे राहणार नाहीत.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे