आता देशाबाहेर पडायला परवानगी मागायची नाही

मेलबर्न, ९ नोव्हेंबर २०२१

प्रिय दादा आणि वहिनी,
आई-बाबांना नमस्कार सांगा.

परवा फोनवर तू विचारलंस की तू तिकडची सिटिझन झालीस, पासपोर्टही तिकडचाच, मग तिकडचंच सरकार तुला देशाबाहेर जायला कसं काय अडवतं, आणि अडवत होतं तर गप्प बसायचं सोडून बंदीविरुद्धच्या त्या पार्लमेंटकडच्या पिटिशनच्या मागे का लागलीस, परक्या देशात सरकारशी कशाला वाकडं घ्यायचं. फोनवर नीट बोलता आलं नाही, आई मधेच रडायला लागली, म्हणून लिहितेय. बाबांनाही वाचून दाखव.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे इथं बायोसिक्युरिटी, म्हणजे रोगराई रोखण्याच्या, कायद्याखाली इमर्जन्सी लावली आणि २५ मार्चपासून ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना आणि पीआरवाल्यांना, म्हणजे इथं कायमचं राहायची परवानगी असलेल्यांना, देश सोडायला बंदी केली. बाहेरच्यांना आत घ्यायचं नाही हे तर तेव्हा बऱ्याच देशांनी केलं, पण आपल्याच माणसांना बाहेर जाऊ द्यायचं नाही असं लोकशाही देशांत फारसं कुणी केलं नाही. जायचंच असेल तर ऑनलाइन अर्ज करून एक्झम्प्शन मागायचं, त्यात ठरलेली कारणं, म्हणजे महत्त्वाचं काम, इथं न मिळणारे उपचार, माणुसकीची निकड, किंवा भक्कम कारणासाठी तीन महिने किंवा जास्त बाहेर राहणं, आणि प्रत्येकाला कागदोपत्री पुरावा. म्हणजे माझा बाप आजारी आहे हे मी कुठल्यातरी ऑफिसरला पटवून द्यायचं, त्याला पटलं तर मी विमानात बसायचं. याचाच मला राग आहे दादा, आजही आहे.

यंदाच्या एप्रिलमधलं आठव, बाबा आजारी होते. तू ऑक्सिजनसाठी दारोदार फिरत होतास आणि इकडून माझे मेसेज, की डॉक्टरांचं लेटरहेडवर पत्र हवं, इंग्रजीत हवं, त्यात बाबांची तब्येत किती सिरियस आहे ते स्पष्ट हवं. तिथं डॉक्टरांना पाणी प्यायला वेळ नव्हता आणि मी पत्र मागतेय. तू ते मिळवलंस, परवानगीही आली, पण तोवर २७ एप्रिलला इंडियातून येणारी विमानं बंद झाली आणि ३ मेपासून असा हुकूम निघाला की गेल्या १४ दिवसांत इंडियात असलेला माणूस इथं उतरला तर पाच वर्षांपर्यंत जेल किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड, आणि हे स्वतःच्या नागरिकांना सुद्धा! चार वर्षांच्या पोरीला इथं सोडून येऊ, आणि परत कधी येता येईल तेच कुणी सांगत नाही, म्हणून मी आले नाही. बाबा त्यातून उठले. आमच्या पिटिशनच्या ग्रुपमधल्या एकीची आई गेली, तिने सगळं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि तिची परवानगी नंतर आली.

त्या हुकुमाविरुद्ध बंगळुरूत अडकलेले एक ७३ वर्षांचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ इथल्या फेडरल कोर्टात गेले, १० मेला कोर्टाने त्यांचं म्हणणं फेटाळलं, आणि १५ मेला तो हुकूम त्याच्या मुदतीनेच संपला. बाहेर जाण्याच्या बंदीविरुद्धही एक केस झाली, तीही जूनच्या सुरुवातीला फेटाळली. तू मागे मेनका गांधींच्या केसबद्दल सांगायचास ना, पासपोर्ट काढून घेतला म्हणून त्या कोर्टात गेल्या आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशी जाणं हा २१व्या कलमातल्या स्वातंत्र्याचा भाग आहे, सरकारला मन मानेल तसं अडवता येणार नाही. इथल्या घटनेत आपल्यासारखा मूलभूत हक्कांचा भागच नाही. कुणालाही कुठलाही देश, स्वतःचा सुद्धा, सोडून जाता आलं पाहिजे असं म्हणणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारावर ऑस्ट्रेलियाची सही आहे, पण तो घेऊन इथल्या कोर्टात थेट दाद मागता येत नाही. मग उरतं काय, तर खासदार आणि पार्लमेंट. म्हणून पिटिशन.

तू तेव्हा म्हणालास मी पण सही करतो, पण ती सही इथल्या नागरिकांची किंवा रहिवाशांचीच चालते, ईमेलवरून कन्फर्म करावी लागते आणि फक्त चार आठवडे मिळतात. आम्ही रात्री मुलं झोपली की फोन करत बसायचो, मराठी, पंजाबी, तेलुगू, शिवाय इंग्लंड-आयर्लंडकडचे लोक, त्यांचेही आई-बाप तिकडे एकटे. आपापल्या खासदाराला प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत पत्र लिहायचं असं ठरवलं होतं, कारण एकाच मजकुराची शंभर पत्रं कुणी वाचत नाही.

शेजारच्या बऱ्याच लोकांना बंदी पटत होती हे पण सांगते, आणि ती माणसं वाईट नाहीत. सीमा बंद ठेवल्याने इथं माणसं कमी गेली हे खरंच आहे. पण मी इथून बाहेर पडल्याने इथल्या कुणाला काय होणार होतं? धोका परत येताना, आणि त्यासाठी १४ दिवस हॉटेल क्वारंटाइन होतंच, वर त्याचे पैसे आम्हीच भरायचे. अडचण खोल्यांची होती, जुलैमध्ये येणाऱ्यांचा कोटा निम्मा करून आठवड्याला साधारण तीन हजारांवर आणला. क्वारंटाइनची जागा वाढवायची सोडून लोकांना जाऊच दिलं नाही की परत येणारे आपोआप कमी. ऑगस्टमध्ये तर जे नागरिक कायमचे परदेशातच राहतात त्यांनाही इथं येऊन परत जाताना परवानगी लागेल असं केलं, म्हणजे आजारी आईला भेटायला इथं यायचीही भीती.

आता १ नोव्हेंबरपासून दोन्ही डोस घेतलेल्या नागरिकांना आणि पीआरवाल्यांना बाहेर जायला काही विचारावं लागत नाही आणि मेलबर्नला परत आल्यावर क्वारंटाइनही नाही. हे मुख्यतः लसीकरणामुळे झालं, त्याचं श्रेय मी आमच्याकडे घेणार नाही. पण आई-वडिलांचं वेगळं आहे. इथल्यांची जवळची माणसं म्हणून नवरा-बायको आणि लहान मुलंच धरायचे, मोठ्या मुलांचे आई-बाप त्यात नाहीत, म्हणून त्यांना आत येता येत नव्हतं. तो नियम बदलतोय असं १५ ऑक्टोबरला जाहीर झालं आणि तो बदलला कारण हजारो लोक महिनोन्महिने पिच्छा पुरवत राहिले, याची मला खात्री आहे.

अजून संपलेलं नाही. स्टुडंट व्हिसावाले, वर्क व्हिसावाले बाहेरच अडकलेत, कित्येक पोरं दुसऱ्या वर्षाची फी भरून गावाकडे खोलीत बसून ऑनलाइन लेक्चर करतायत. त्यामुळे आमची पत्रं चालूच आहेत आणि त्यात तू मला थांब म्हणू नकोस.

आता तुझं काम. आई-बाबांच्या कोव्हॅक्सिनला १ तारखेपासून इथं मान्यता मिळालीय, तेव्हा त्यांची सर्टिफिकेटं डाउनलोड करून पासपोर्टवरच्या नावाशी स्पेलिंग जुळतंय का बघ. ते माझे आई-वडील आहेत हे दाखवायला माझा जन्मदाखला लागेल, जुन्या दाखल्यावर माझं नाव नसून नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय, तर नगरपालिकेत जाऊन नाव घालून इंग्रजीतला दाखला काढ, लग्नाचं सर्टिफिकेट माझ्याकडे आहे. आणि आईच्या पासपोर्टची मुदत बघून उद्याच कळव, रिन्यू करायचा असेल तर त्यातच वेळ जाईल.

तुझी,
छोटी