तंत्रज्ञांना कंत्राटावर किती दिवस ठेवणार?

महोदय,

४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबईत राष्ट्रपतींच्या हस्ते भारतीय बनावटीच्या पहिल्या कार-टी उपचाराचे (रुग्णाच्याच पेशी बदलून कर्करोगाशी लढायला त्याच्या शरीरात परत सोडण्याच्या पद्धतीचे) लोकार्पण झाले, तेव्हा ऊर भरून आला. मी याच क्षेत्रातल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, कर्करोग ओळखायला लावायचे आणि ३७ अंशांवर वाढवायचे, हे आमचे काम. ट्रायपॅन ब्लू हा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत पेशी रंग घेत नाहीत. निळ्या वाढू लागल्या की पोटात गोळा येतो. या पेशी त्या एकाच रुग्णाच्या असतात, दुसऱ्याच्या चालत नाहीत. दिवाळी असो की रविवार, त्यांचे पोषकद्रव्य वेळेवर बदलावेच लागते.

आमच्याकडे मात्र जवळपास सगळेच प्रकल्पाच्या कंत्राटावर. अनुदान संपले की नोकरी संपली. या कामात हात बसायला बराच काळ जातो आणि हात बसलेला माणूसच निघून जातो. मग नवा माणूस निर्जंतुक खोलीत अंगरखा कसा चढवायचा इथपासून सुरुवात करतो. यंत्रांसाठी निधी मिळतो, तर माणसांसाठी का नाही? अनुदान देणाऱ्या विभागांनी तंत्रज्ञांची पदे कायम करावीत, निदान पाच वर्षांचा करार तरी द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नवी मुंबई