उद्योगमंत्री साहेब, पुढच्या वर्कशॉपला खरेदी अधिकारी बोलवा

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी पुठ्ठ्याचे बॉक्स बनवते. तीन प्लाय, पाच प्लाय, म्हणजे तेवढ्या थरांचे, आणि पार्टीने, म्हणजे गिऱ्हाईकाने, डाय (कापायचा साचा) दिली तर डाय कटिंगचे पण. एमआयडीसीत भाड्याचा गाळा आहे, हाताखाली थोडी माणसं आहेत, लघुउद्योगाचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, जीएसटी वेळेवर भरते. हे आधी सांगून टाकलं कारण महिला उद्योजक म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यापुढे लगेच पापड-लोणची येतात, आणि त्या धंद्याला मी अजिबात कमी लेखत नाहीये, पुढे त्यांच्याबद्दल बोलणारच आहे, पण बायका फॅब्रिकेशन करतात, मशीनिंग करतात, केमिकलचं ट्रेडिंग करतात, आणि आम्हाला सगळ्यांना धरून तुमच्या खात्यातर्फे, महामंडळांतर्फे, बँकांतर्फे जी वर्कशॉप होतात ती एकाच साच्यातली असतात. पत्राचा विषय तोच आहे.

वर्कशॉपला मी जाते, अजूनही जाते. साधारण काय होतं ते तुम्हाला माहीतच असेल, कारण दीपप्रज्वलनाला कधीकधी तुम्हीच असता. मग स्वागत, सत्कार, एक प्रेरणादायी भाषण ज्यात "स्त्री ही शक्ती आहे" हे येतंच, मग योजनांची पीपीटी, जेवण, जेवणानंतर सोशल मीडिया मार्केटिंग, आणि शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. उद्योग कसा सुरू करावा हे मला आता पाठ झालंय, कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण माझा उद्योग सुरू होऊन वर्षं झालीयेत हो. माझा प्रश्न तो वाढत का नाही हा आहे, आणि त्याच्यावरचं वर्कशॉप मला अजून कुठे सापडलेलं नाही.

हा फक्त माझा रडगाणं गायचा विषय नाही. सहावी आर्थिक गणना झाली २०१३-१४ मध्ये, त्यात देशभरात बायका चालवतात अशा आस्थापना ८० लाखांच्या आसपास निघाल्या, एकूणच्या १४ टक्क्यांच्या जरा खाली. हा आकडा भाषणात येतो. पण त्याच गणनेत असंही निघालं की त्यातल्या ८३ टक्के ठिकाणी पगारी माणूस एकही नव्हता. म्हणजे बाई एकटीच, फार तर घरचे हाताला. हा आकडा भाषणात येत नाही. गणना जुनी आहे, मान्य, पण आजूबाजूला बघते तेव्हा चित्र फार पालटलंय असं मला तरी वाटत नाही. याचा अर्थ सुरू करायला बायका घाबरत नाहीत, त्यांनी लाखोंनी सुरू केलंय, गाडी अडते ती पहिला माणूस पगारावर ठेवताना. आणि पगारावर माणूस कधी ठेवता येतो? दर महिन्याला येणारी ऑर्डर हातात असेल तेव्हा. आत्मविश्वास वाढवून पगार होत नाही.

आता ऑर्डर कुठून येते ते सांगते. ऑर्डर व्हेंडर कोडने येते, म्हणजे माल पुरवणारा म्हणून कंपनी जो नंबर देते त्याने. मोठ्या कंपनीच्या सिस्टीममध्ये एकदा तुमचा कोड पडला की निदान चौकशी तरी येते, कोटेशन मागतात, सॅम्पल मागतात. तो कोड पडायला आत कोणीतरी ओळखीचं लागतं, निदान फोन उचलणारं लागतं, आणि ओळखी कुठे होतात तर संध्याकाळी, असोसिएशनची मीटिंग संपल्यावर. मीटिंगमध्ये काही होत नाही हो, तिथे फक्त मिनिट्स लिहितात. खरं बोलणं नंतर होतं, जेवायला बसतात तिथे, "बसतात" तिथे, रविवारच्या क्रिकेटला. तिथे आम्ही नसतो. कोणी येऊ नका म्हणत नाही, पण रात्री साडेनऊला त्या टेबलावर एकटी बाई बसली की उद्या काय बोललं जातं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, आणि घरी पोरांचा अभ्यास, सासूबाईंची गोळी हे साडेनऊलाच असतं.

यावर उपाय म्हणून आमच्यासाठी वेगळं नेटवर्किंग काढलंय. छान कल्पना, पण हॉलमध्ये सगळ्या आम्हीच. मी बॉक्सवाली, शेजारी साड्यांवर एम्ब्रॉयडरी करणारी, पलीकडे ब्युटी पार्लरवाली. आम्ही एकमेकींना कार्ड देतो, व्हॉट्सॲप ग्रुप बनतो, पंधरा दिवसांनी त्यावर गुड मॉर्निंग सुरू होतं. प्रदर्शनातही तेच, संध्याकाळी स्टॉलवाल्याच एकमेकींकडून खरेदी करून घरी जातात. मैत्रिणी मिळाल्या, त्याची किंमत मला आहे, वाईट काळात त्याच उपयोगाला आल्या, पण विकत घेणारा माणूस खोलीत नसेल तर त्याला धंद्याचं नेटवर्किंग कसं म्हणायचं?

म्हणून माझी पहिली आणि खरं तर एकच मोठी मागणी. वर्कशॉप घ्या, पण खरेदी अधिकारी आणून बसवा. एसटीचा, महावितरणचा, महापालिकेचा, सरकारी हॉस्पिटलचा, त्या जिल्ह्यातल्या मोठ्या कारखान्यांचा. भाषणाला नको. त्याने सांगायचं की आम्ही वर्षाला काय काय घेतो, किती घेतो, स्पेसिफिकेशन काय, टेंडरमध्ये टर्नओव्हरची अट काय, लहान युनिट कशावर बाद होतं. बॉक्सचंच बोलायचं तर जीएसएम, म्हणजे कागदाचं वजन, किती, बर्स्टिंग स्ट्रेंथ, म्हणजे पुठ्ठा किती दाबाला फाटतो, ती किती मागता, टेस्ट रिपोर्ट कुठल्या लॅबचा चालतो. दोन तास एवढंच बोलला तरी चालेल, त्या दोन तासांत आम्ही जे शिकू ते पीपीटीत मिळत नाही. आणि दुपारनंतर एकेकीला दहा-दहा मिनिटं समोरासमोर.

हे हवेतलं नाही. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात, जे २०१२ पासून आहे, मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीतली २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायची असं आहे, आणि २०१८ मध्ये त्यातच महिलांच्या उद्योगांसाठी ३ टक्के वेगळे ठरवले. तीनच टक्के, पण ठरवले तरी. माझं म्हणणं, आपल्या राज्याच्या प्रत्येक महामंडळाने आणि महापालिकेने दरवर्षी एका पानावर जाहीर करावं की महिलांच्या युनिटकडून किती रुपयांचा माल घेतला, नसेल घेतला तर शून्य लिहा. नुसतं जाहीर करायचं म्हटलं ना, की निम्मं काम तिथेच होतं, शून्य लिहायला कोणालाच आवडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग कागदावरच्या मालकिणी वाढतील. वाढतील, आत्ताही आहेत. बायकोच्या नावावर युनिट, सबसिडी तिच्या नावावर, आणि फोन लावला की उचलतात "साहेब". अशा वहिनी वर्कशॉपला येतात, मागच्या रांगेत बसतात, सही करतात, निघून जातात. मला त्यांचा राग नाही, आणि पूर्वी यायचा तेवढा आता येत पण नाही, कारण ग्रामपंचायतीत काय झालं ते आपण पाहिलंय. ७३वी घटनादुरुस्ती आली, बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये आपल्या राज्यात त्या निम्म्या झाल्या. सुरुवातीला सगळीकडे सरपंच-पतीच होते, अजूनही कमी नाहीत. पण किती तरी गावांत बाई खुर्चीवर बसून बसून शिकली, ग्रामसेवकाला प्रश्न विचारायला लागली, आणि पुढच्या टर्मला नवऱ्याला घरी बसवून स्वतः आली. आधी नेतृत्वाचं ट्रेनिंग, मग खुर्ची, असं नाही झालं. खुर्ची आधी आली.

उद्योगात मात्र तुम्ही उलटं करताय. लीडरशिप डेव्हलपमेंटचे तीन-तीन दिवसांचे कार्यक्रम आणि खुर्ची एक पण नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती बसते, त्यात रस्ता, पाणी, लाईट, कचरा हे सगळं निघतं. तिथे दोन जागा युनिट स्वतः चालवणाऱ्या बायकांना द्या. नवीन धोरण नको, एक परिपत्रक पुरे. एमआयडीसीत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, रात्रपाळी सुटल्यावर मेन रोडपर्यंत दिवे नाहीत, हे आम्ही तिथे बोलू, आत्ता ते अजेंड्यावर येतच नाही कारण बोलणारं कोणी नाही. त्यातून लीडरशिप आपोआप डेव्हलप होईल, फ्लिपचार्ट लागणार नाही.

पापडवाल्यांचं, म्हणजे लिज्जत पापडचं, बोलणार होते ते इथेच बोलते. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उधार घेऊन सुरू केलं हे सगळ्यांना माहीत असतं, वर्कशॉपमध्ये हमखास सांगतात. पण त्यांची रचना कशी होती ते कोणी सांगत नाही. तिथे पापड लाटणारी बाई नोकर नाही, सभासद आहे, नफ्या-तोट्यात वाटा आहे, आणि शाखा सांभाळणारी संचालिका बाहेरून मॅनेजर आणून नेमलेली नसते, त्यांच्यातलीच असते. सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी ही बायकांची बँक झाली तिथलं पण असंच. बँक काढणाऱ्या चेतना सिन्हा गावातल्या बायकांना घेऊन रिझर्व्ह बँकेकडे लायसन्सला गेल्या तर अर्ज आधी नाकारला, अंगठे उठवलेत म्हणून. बायका परत आल्या, लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि लायसन्स घेऊन आल्या. त्यांना शिकायचं कारण होतं, समोर एक दार होतं जे उघडायचं होतं. आणि पुढे त्यांनी बिझनेस स्कूल काढलं ते बसमध्ये घालून गावोगावी नेलं.

तुमची वर्कशॉप मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी, सकाळी अकराला, कामाच्या वारी, आणि बहुतेक मार्चमध्ये. का, तर आठ मार्च असतो आणि वर्षअखेरीला निधी खर्ची पडायचा असतो. साहेब, मार्चमध्ये आमचा स्टॉक, हिशोब, जीएसटी, पार्ट्यांकडचं बॅलन्स कन्फर्मेशन सगळं एकदम असतं. मी गेले तर दिवसभर मशीनवर लक्ष ठेवायला माणूस नाही. जून-जुलैत घ्या, एमआयडीसीच्याच एखाद्या हॉलमध्ये दुपारी दोन ते पाच घ्या, शेजारच्या खोलीत लहान पोरांना सांभाळायला एक मावशी ठेवा. सत्काराच्या शाली आणि मोमेंटोच्या पैशात मावशी सहज बसते.

विषय कुठला घ्यायचा विचाराल तर वसुली. खरंच. कायदा आहे की, २००६ च्या एमएसएमई कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांत पेमेंट करायचं आहे, नाही केलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे, त्यासाठीच्या सरकारी कौन्सिलकडे दाद मागता येते. शिवाय २०२४ पासून वेळेत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. हे मला पाठ आहे. पण माझ्या एका मोठ्या पार्टीने पाच महिने पैसे लटकवले तेव्हा मी तक्रार केली नाही, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद, आणि ही पार्टी गेली तर माझा निम्मा धंदा जातो. अशा वेळी फोनवर नक्की काय बोलायचं, कुठल्या दिवशी पत्र पाठवायचं, कुठल्या टप्प्यावर माल थांबवायचा, एका पार्टीवरचं अवलंबून राहणं कसं कमी करायचं, हे शिकवणारं कोणी आणा. कंपन्यांतून रिटायर झालेले पर्चेसवाले कितीतरी आहेत, पैसे देऊन आणा, फुकट नको, फुकटचा सल्ला दोन मीटिंगपुरताच टिकतो.

आणि सर्टिफिकेट दिल्यावर आम्हाला सोडून देऊ नका. ही पद्धत सरकारला नवीन नाही, बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत ना, आरसेटी, त्यांच्यात ट्रेनिंगनंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा नियमच आहे. तो चालू युनिटवाल्यांना लावा. दहा-बारा जणी, वेगवेगळ्या धंद्यातल्या पण साधारण सारख्या उलाढालीच्या, महिन्यातून एकदा बसतील, वह्या उघडून बसतील. आम्हाला याची सवय आहे, आम्ही भिशी चालवतो, कोणाची अडचण आहे तिला पहिला नंबर द्यायचा हे कोणी शिकवलं नाही आम्हाला, आणि पैसे बुडवून पळाली असं क्वचितच होतं. तिथे फक्त धंद्याचं बोलायची पद्धत नाही, ती पडेल. जागा आणि एक जाणकार माणूस द्या, बाकी आम्ही बघतो. पोर्टल मात्र काढू नका कृपा करून, आधीच्या पोर्टलांचे पासवर्ड अजून सापडत नाहीयेत.

शेवटचं, हजेरी मोजणं थांबवा. किती महिला उपस्थित होत्या हा आकडा तुमच्या अहवालात जातो, म्हणून जिल्हा उद्योग केंद्राचे लोक बिचारे बचत गटाच्या बायका गाडीत घालून आणतात, खुर्च्या भरतात. त्याऐवजी वर्षाने फोन करा आणि विचारा, नवी पार्टी मिळाली का, माणूस वाढवला का, पैसे वेळेवर येतात का. तीन प्रश्न. उत्तरं वाईट येतील सुरुवातीला, तरी अहवालात तीच लिहा.

उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल. आमच्या जिल्ह्यात पुढच्या वेळी एक, फक्त एक खरेदी अधिकारी येणार असेल तर जिल्हा उद्योग केंद्रातून तेवढा निरोप द्या, मी सॅम्पल आणि रेट लिस्ट घेऊन हजर राहते, आणि माझ्यासारख्या आणखी काही जणींना पण घेऊन येते.

आपली,
एका बॉक्स युनिटची मालकीण
(फोन मीच उचलते)