टॉकीजच्या भिंतींना चुनाच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या बंदराच्या गावात बाजारपेठेच्या ऐन मध्यावर असलेल्या जुन्या चित्रपटगृहाची दुरुस्ती गेल्या महिन्यापासून सुरू झाली आहे. इतकी वर्षे बंद असलेल्या त्या इमारतीभोवती परांची बांधलेली पाहिली, तेव्हा मी भर उन्हात बराच वेळ समोरच्या पिंपळाच्या पारावर बसून राहिले. इमारत पाडून तिथे दुकानांचे गाळे काढणे मालकांच्या वारसांना अधिक सोयीचे होते. तरीही त्यांनी चित्रपटगृह पुन्हा सुरू करण्याचे ठरवले, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. परंतु हे काम ज्या पद्धतीने चालले आहे, त्यातून इमारत वाचण्याऐवजी तिचे आयुष्य घटेल अशी मला भीती वाटते, आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे. वारसांना मनस्ताप होऊ नये यासाठी चित्रपटगृहाचे आणि गावाचे नाव लिहीत नाही. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरील वाचकांना ते सांगण्याची गरजही नाही.

माझा या इमारतीशी दुहेरी संबंध आहे. माझे वडील तिथे सुमारे तीस वर्षे ऑपरेटर होते, आणि मी स्वतः बांधकाम खात्यात अनुरेखक म्हणून लागून आरेखक म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे या वास्तूविषयी मला माया आहे आणि तिच्या भिंतींच्या जाडीविषयी थोडी माहितीही आहे.

लहानपणी वडिलांचा डबा घेऊन मी केबिनमध्ये जात असे. बाहेरच्या गोल लोखंडी जिन्याने वर गेले की प्रथम उष्णतेची झळ लागायची. त्या काळी प्रोजेक्टरमध्ये दिवा नसे. कार्बनच्या दोन कांड्यांची टोके जवळ आणून त्यांच्यात विजेची ज्योत पेटवावी लागे. कांड्या जळून आखूड होत, म्हणून त्यांच्यातील अंतर सतत जुळवत राहावे लागे. अंतर वाढले की पडदा पिवळा पडे आणि थर्ड क्लासातून शिट्ट्या सुरू होत. धूर जाण्यासाठी प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर छपराबाहेर काढलेले पत्र्याचे धुराडे होते. यंत्रे दोन असत, कारण दोन हजार फुटांचे रीळ बावीस मिनिटांत संपते आणि एका यंत्रावरचे रीळ संपताच दुसऱ्या यंत्रावरचे सुरू व्हावे लागते. रीळ संपण्याच्या सुमारास पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला एक ठिपका चमकून जाई. त्या ठिपक्याला दुसऱ्या यंत्राची मोटर चालू करायची आणि काही सेकंदांनी येणाऱ्या दुसऱ्या ठिपक्याला प्रकाश एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचा. मी आठ-नऊ वर्षांची असताना वडील मला स्टुलावर उभे करून भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून तो ठिपका पाहायला सांगत. मला तो दिसला की मी त्यांच्या सदऱ्याला हात लावायची. त्यांना माझ्या मदतीची गरज नव्हती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

रिळांच्या पत्र्याच्या पेट्या एस.टी.ने येत. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की पेट्या मध्येच अडकत आणि आधीच्याच आठवड्याचा खेळ पुढे चालू ठेवावा लागे. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. समुद्र खवळून होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, त्या दिवसांत रात्रीच्या खेळाला कोळीवाडा लोटे. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की गौरी-विसर्जनानंतर दिवसाला चार-चार खेळ होत आणि आमच्या घरी वडील केवळ जेवायला दिसत. माझी आई आणि शेजारच्या काकू मात्र मॅटिनीलाच जात, कारण तेव्हा लेडीजच्या बाजूला मांडीवर मूल घेऊन बसता येई आणि मूल रडले तरी कोणी मागे वळून पाहत नसे.

ही इमारत स्वातंत्र्याच्या आगेमागे बांधली गेली. मुंबईत रीगल १९३३ मध्ये आणि इरॉस व मेट्रो १९३८ मध्ये उभी राहिली. त्या चित्रपटगृहांची वळणे डोळ्यांत साठवून आलेल्या कोणा व्यापाऱ्याने आपल्या गावालाही तसे काही असावे असे मनावर घेतले असणार. दर्शनी भागाच्या पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या रेषा, मध्यभागी उंच उभा पट्टा, गोलाई दिलेला सज्जा आणि गिलाव्यातच घडवलेली नावाची अक्षरे ही सारी त्या काळाची मुंबईची शैली आहे. मात्र तिच्या आत अंग कोकणाचे आहे. भिंती दीड हात जाडीच्या जांभ्याच्या, दगडांच्या सांध्यांतला दर्जा आणि वरचा गिलावा चुन्याचा, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या, त्यांवर मंगलोरी कौले आणि खाली तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचे छत. मुंबईचा चेहरा आणि कोकणाची हाडे असा हा मेळ आमच्या किनाऱ्यावर मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही, आणि म्हणूनच दुरुस्ती करताना दोन्हींचा विचार व्हायला हवा असे मला वाटते.

सध्या आतल्या भिंतींचा चुन्याचा गिलावा खरवडून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला जात आहे. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, आणि आयुष्यभर ओल पितो व सोडतो. चुन्याचा गिलावाही तसाच असल्यामुळे भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडून सुकून जाते. सिमेंटचा थर ही वाट बंद करतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि बारा महिने खारा वारा असलेल्या प्रदेशात ती ओल दगडातच कोंडते, तिच्याबरोबरचे क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, भिंतीला लोणा लागतो, काही पावसाळ्यांत सिमेंटचे पापुद्रे सुटू लागतात आणि सुटताना ते जांभ्याचा वरचा थर बरोबर घेऊन जातात. आमच्याच तालुक्यातल्या काही जुन्या देवळांच्या आणि घरांच्या जोत्यांवर हे मी पाहिले आहे. शंभर वर्षे काही न झालेला दगड सिमेंट लावल्यानंतर दहा-पंधरा वर्षांत भुगा होताना पाहणे फार क्लेशदायक असते.

चुन्याचे काम करणारे गवंडी आता मिळत नाहीत, असे मला कामावर सांगण्यात आले. ते पूर्ण खरे नाही. गडकिल्ल्यांच्या आणि मंदिरांच्या दुरुस्तीमुळे महाराष्ट्रात हे काम जाणणारी माणसे आजही आहेत, आणि आपल्याकडच्या हुशार गवंड्यांना ते शिकवताही येते. कळीचा चुना हौदात पुरेसे दिवस विरवणे, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, योग्य प्रमाणात मिसळणे, पातळ थरांत लावणे आणि प्रत्येक थर सावकाश सुकू देणे एवढे पथ्य पाळावे लागते. वेळ अधिक लागतो हे मान्य. काम पावसापूर्वी उरकण्याची घाई मी समजू शकते, पण निम्म्याच भिंती चुन्याने पुऱ्या करून उरलेल्या पुढच्या हिवाळ्यावर ठेवल्या तरी इमारतीचे काही बिघडणार नाही.

प्रत्येक ठिकाणी चुनाच वापरावा असा माझा हट्ट नाही. बाल्कनी सिमेंट-काँक्रीटची आहे आणि तिच्या तुळयांतील सळया खाऱ्या हवेने गंजल्या आहेत. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. त्यावर वरून गिलावा मारून चालणार नाही. तिथे संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेऊनच काम व्हावे, आणि त्या तपासणीआधी बाल्कनीवर एकही माणूस बसू देऊ नये.

छपराविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात निम्मी कौले उडाली आणि त्या जागी पत्रे आले. संकटात तसे करणे भाग होते. नाहीतर तक्तपोशी आणि कैच्या त्याच पावसात कुजल्या असत्या. आता मात्र संपूर्ण छप्पर पत्र्याचे करण्याचा विचार आहे असे समजते. कोकणात चार महिने पत्र्यावर पाऊस वाजतो तेव्हा शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, मग पडद्यावरचे संवाद कसे ऐकू येतील? जुन्या बांधकाम करणाऱ्यांनी कौलांखाली तक्तपोशी घातली आणि मागच्या भिंतीला काथ्याचे जाड तक्ते लावले, ते आवाजाचा हिशेब करूनच. पत्रे घालून वर यंत्राने आवाज वाढवणे हा उपाय नव्हे. कैच्या आणि वासे तपासून, कुजलेले तेवढे बदलून, पुन्हा कौलेच घालावीत; वादळासाठी ती तारेने बांधून घेता येतात.

दर्शनी भागावर चकचकीत पत्रे बसवून जुनी अक्षरे झाकण्याचा प्रस्ताव आहे, तोही कृपया सोडून द्यावा. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस याबाबत पाहण्यासारखे आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, पुढे तिथे चित्रपटही दाखवले गेले, आणि १९९३ मध्ये ते बंद पडले. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली काम होऊन २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले, आणि दुसऱ्याच वर्षी त्या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरव मिळाला. वेगळे उदाहरण इरॉसचे आहे. तिथे बाहेरील रूप जपून आतले प्रेक्षागृह बदलले गेले आणि २०२४ मध्ये ते आयमॅक्स पडद्यासह सुरू झाले. दोन्ही मार्गांत मला पहिला अधिक मोलाचा वाटतो, तरी दुसराही बाहेरचे रूप पुसून टाकण्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. आपल्याकडे संस्थानिकांचा पैसा नाही, मोठी कंपनी नाही, हे मला ठाऊक आहे. पण आहे ती अक्षरे जागेवर ठेवायला पैसा लागत नाही.

मुंबईला १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली आहे. लहान गावांतील अशा इमारती मात्र कोणत्याही यादीत नसतात. आमच्या स्थानिक स्वराज्य संस्थेने किमान या एका इमारतीची नोंद करून घ्यावी, म्हणजे पुढील फेरफार करताना कोणाला तरी विचारावे लागेल.

अखेरची विनंती केबिनविषयी आहे. प्रेक्षागृहात डिजिटल यंत्र बसणार हे उघड आहे आणि योग्यही आहे. पण दोन जुने प्रोजेक्टर अजून वर जागेवर उभे आहेत आणि त्यांची भंगारात किंमत ठरवली गेल्याचे मी ऐकले. केबिनच्या झरोक्यांवरची लोखंडी झडपे आहेत ना, ती शोभेची नव्हेत. जुन्या काळची नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असे. केबिनमध्ये पेट घेतला तर झडपे पाडून आग प्रेक्षागृहापासून तोडता यावी म्हणून ती बसवलेली आहेत. ज्या शाळकरी मुलांनी चित्रपट फक्त हातातल्या फोनवर पाहिला, त्यांना ही खोली जशीच्या तशी दाखवता आली, तर सिनेमा गावापर्यंत कसा पोहोचत होता हे त्यांना एका दुपारी समजेल. यंत्रे विकायचीच असतील तर भंगाराची जी किंमत ठरली असेल ती मी आणि माझी भावंडे भरायला तयार आहोत. आमची अट एवढीच, की ती त्या खोलीतून हलवू नयेत.

निवृत्त झाल्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत, मालकांच्या परवानगीने, मी या इमारतीची मापे घेऊन ठेवली आहेत. तळमजला, बाल्कनी, छपराच्या कैच्यांचे छेद, दर्शनी भागाची उंची आणि नावाच्या प्रत्येक अक्षराचे माप अशी अकरा आरेखने शाईने काढून तयार आहेत. ती मी वारसांना किंवा त्यांच्या वास्तुविशारदांना विनामूल्य देईन. सिमेंटचा गिलावा आतापर्यंत फक्त पूर्वेकडील भिंतीवर झाला आहे, आणि तो अजून पक्का धरलेला नसल्यामुळे काढता येण्यासारखा आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरेखक,
रत्नागिरी जिल्हा