केसांना सोडा लावू नका

महोदय,

केस विरळ झाले की घरोघरी खाण्याच्या सोड्याचे आणि कांद्याच्या रसाचे प्रयोग सुरू होतात. सोडा कृपा करून टाळा. त्याने केसावरचे खवले उघडतात, केस फुगतो आणि विंचरताना तुटतो. कांद्याच्या रसाने टाळूची आग होते, कधी फोडही येतात.

कोरड्या केसांना साधे खोबरेल तेलच चांगले, कारण ते केसाच्या आत शिरते. खांद्यापर्यंतच्या केसांना २ चमचे पुरतात. न्हाण्याआधी तासभर लावावे, तेही टोकांना जास्त. कोंडा असेल तर टाळूला नकोच, तेलावर कोंड्याची बुरशी पोसते. ओले केस टॉवेलने खसाखसा पुसू नयेत. दुभंगलेले टोक मात्र कशानेही जुळत नाही, कापावेच लागते.

मुळासकट गळणाऱ्या केसाच्या मुळाकडच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर २-३ महिन्यांनी अशी गळती लागते आणि बहुधा ६ महिन्यांत आपोआप थांबते. भांग रुंदावत चालला असेल तर तेलाच्या बाटल्या बदलत बसू नका. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

– एक वाचक