सुमे, मुग्धाच्या बाळाच्या ओठाबद्दल

प्रिय सुमे,

तुझा मेसेज येऊन चार दिवस झाले, रागावू नकोस. फोनवर अर्धंच सांगून झालं असतं, आणि मी अर्धं सांगते म्हणूनच आपलं नाशिकला वाजलं होतं. म्हणून सगळं लिहिते. गुडघे बरे आहेत.

मुग्धाच्या पोटातल्या बाळाचा ओठ फाटलेला दिसलाय, आणि पोटातच शिवला तर वण राहत नाही असं तिने वाचलंय, म्हणून तसं करावं का, हे तू विचारलंस. तिने वाचलंय ते खोटं नाही. साधारण 24 आठवड्यांपर्यंत गर्भाची त्वचा व्रण न ठेवता भरते: सूज कमी, पेशींभोवतीचं ओलसर, बुळबुळीत हायल्युरॉनिक आम्ल भरपूर, कोलॅजन म्हणजे त्वचेचे धागे मूळच्या विणीतच बसतात. लॉन्गेकर, अ‍ॅडझिक या अमेरिकन सर्जननी मेंढीच्या गर्भात ओठ चिरून पुन्हा शिवला, तर वण राहिला नाही. पण मेंढीची गर्भपिशवी सोसते ते बाईची सोसत नाही गं. पिशवी कापली की कळा सुरू होतात. गर्भजलाच्या पडद्याला पडलेलं भोक नीट भरत नाही, पाणी गळतं; दुर्बिणीनेही भोक पडतंच. 2011 च्या अमेरिकन अभ्यासात पाठीचा कणा उघडा राहिलेल्या बाळांपैकी शस्त्रक्रिया पोटातच केलेली 79 टक्के बाळं 37 आठवड्यांआधी जन्मली, जन्मानंतर केलेल्यांत 15 टक्के. शिवाय पुढचं प्रत्येक बाळंतपण सिझेरियननेच. कण्यासाठी हा धोका पत्करता येतो, कारण तिथे चालणं पणाला लागलेलं असतं. ओठाच्या वणासाठी नाही. ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळायचा असतो, आपल्याला फट दिसते विसाव्याला. हाती उरतात चार आठवडे. आणि एवढं करून नाक, हिरडी, टाळू राहतातच.

आता करायचं ते. गर्भाच्या हृदयाची इको करून घ्या. गर्भजल तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला, दुसरं काही व्यंग दिसलं तर नक्कीच. टाळू सोनोग्राफीत सुटू शकते, म्हणून जन्मल्याबरोबर टॉर्चने पूर्ण घशापर्यंत पाहायला सांग. टाळू फाटलेली असेल तर बाळाला दूध ओढता येत नाही: काढलेलं दूध, दाबता येणारी मऊ बाटली, बाळ अर्धवट उभं, अर्ध्या तासाच्या आत पाजणं संपवायचं, मध्येमध्ये ढेकर. वजन दर आठवड्याला. ओठ तीन महिन्यांच्या आसपास शिवतात, पाच किलो वजन आणि 10 हिमोग्लोबिन झालं की. टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत.

वण राहील, पण बारीक, आणि मुग्धा सुखरूप असेल. तिच्या सासूला ग्रहणाचं बोलू देऊ नकोस, मला त्याचा फार राग येतो.

तुझी बदली झाली का? दिनूचं कळव. रिपोर्टचे फोटो पाठव, ओठ एका बाजूला की दोन्ही, ते आधी बघते.

तुझी,
वसू